रबरी भाग ‘स्वस्तात’ बदलायचे, पण ते सुटे मिळणार कुठे?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे काय होणार, यावर वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले. त्यातला बहुतेक मजकूर गाडीचे ॲव्हरेज किती घटते याभोवती फिरतो. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे, कारण ॲव्हरेज घटले तर खिशाला चाट बसते, जिवाला धोका होत नाही. धोका आहे तो टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या पाइपच्या आणि फिल्टरच्या जोडांमध्ये, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काढलेल्या निवेदनात म्हटले होते की, काही जुन्या वाहनांत सुमारे २०,००० ते ३०,००० किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, मात्र ते काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होते. हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. परंतु कोणत्या गाडीतले कोणते रबरी भाग, ते कोणत्या क्रमांकाने मागायचे आणि नाशिकमध्ये ते सुटे कोणाकडे मिळतात, या साध्या प्रश्नांची उत्तरे ना अधिकृत वितरकाच्या काउंटरवर मिळतात, ना द्वारका आणि मुंबई नाका परिसरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत. हे पत्र त्यासाठी आहे.

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात वाहने आणि डिझेल जनरेटर यांच्या देखभालीचे काम मी निवृत्तीपर्यंत केले. आता सिडकोत राहतो. परिसरातले लोक अजूनही ‘काका, पेट्रोलचा वास येतोय, जरा बघता का’ म्हणून गाडी दारात आणून उभी करतात. बॉनेट उघडल्यावर काय काय दिसते ते सांगतो. फिल्टरच्या नळीवर पाण्याच्या पाइपची पत्र्याची क्लिप, पाइपच्या जोडावरच्या तुटलेल्या लॉकच्या जागी केबल टाय किंवा बांधकामावरची बाइंडिंग वायर, जोडावर थापलेले एम-सील, आणि काही ठिकाणी नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप. ज्या शहरातल्या सातपूरच्या कारखान्यांत डिझेल इंजेक्टरचे नोझल मायक्रॉनच्या हिशेबाने घासले जातात, त्याच शहरात पेट्रोलचा पाइप बाइंडिंग वायरने बांधला जावा, याचे मला वाईट वाटते. यात दोष एकट्या मेकॅनिकचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

इथेनॉल नाशिककरांना नवे नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, उत्तर प्रदेशातील आंवला आणि आपल्याच जिल्ह्यातील मनमाड येथे सुरू झाले. मनमाडजवळच्या पानेवाडीचे इंधन डेपो आपल्याला टँकरच्या रांगांमुळे ठाऊक असतात, हा इतिहास फारसा कोणाला ठाऊक नसतो. पुढे २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले, जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांची पातळी गाठली, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. नव्या गाड्यांचे इंधनाच्या वाटेतले भाग या मिश्रणाला टिकतील असे असावेत, ही अपेक्षा एप्रिल २०२३ पासूनची आहे. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या २००८ किंवा २०१४ सालच्या गाडीचा रबरी पाइप बनवणाऱ्याने २० टक्क्यांचा विचार केलेलाच असेल, असे धरून चालता येत नाही. काही कंपन्यांनी चांगले रबर आधीपासून वापरले, काहींनी नाही. गाडीमालकाला यातले काही कळण्याचा मार्ग नाही. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. उसाचे आणि मक्याचे पैसे शेतकऱ्याला वेळेवर मिळावेत असे मलाही वाटते. पण मिश्रण वाढवण्याचा निर्णय ज्या वेगाने झाला, त्या वेगाने जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची सोय झाली नाही, हे नोंदवले पाहिजे.

आता जोडांकडे वळतो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाच्या) काळात पंपाचा दाब अगदी कमी, पाव बारच्या आसपास असे (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा दाब). पाइप सैल झाला तरी थेंब थेंब गळे, वास येई, आणि दोन रुपयांची क्लिप आवळली की काम भागे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या मेकॅनिकचा हात त्या गाड्यांवर बसलेला आहे. २००० च्या सुमारास आपल्याकडे इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या सर्रास झाल्या आणि पाइपमधला दाब साधारण ३ ते ४ बारवर गेला, म्हणजे आधीच्या दहापटीहून अधिक. या दाबाला जोडातून पेट्रोल ठिबकत नाही, त्याचा बारीक फवारा उडतो. फवारा उडाला की त्याची वाफ होते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने इंजिनाच्या खालच्या भागात साचून राहते. तिथेच काही अंतरावर एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणारी नळी असते, ज्याचे तापमान घाट चढताना कित्येकशे अंशांवर जाते. पेट्रोलच्या वाफेला ठिणगीशिवाय पेट घ्यायला २५० ते ३०० अंश सेल्सियस पुरतात, आणि ठिणगी असेल तर उणे ४० अंशांच्या थंडीतही ती पेटते. कसारा घाटात किंवा चांदवडच्या राहुड घाटात ‘धावत्या गाडीने अचानक पेट घेतला’ अशी बातमी येते तेव्हा तिच्या शेवटी ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी’ असे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. काही वेळा ते खरे असेलही. पण गाडी फिल्टर बदलून किती दिवस झाले होते, आदल्या दिवशी पेट्रोलचा वास येत होता का, हेही बातमीदाराने गाडीमालकाला विचारावे, अशी माझी आपल्या माध्यमातून विनंती आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांत पाइप आणि फिल्टर यांचा जोड बहुधा ‘क्विक कनेक्टर’ने केलेला असतो. फिल्टरच्या किंवा पंपाच्या नळीला एक उंचवटा असतो. तो कनेक्टरमध्ये शिरला की आतले प्लॅस्टिकचे लॉक त्याच्या मागे बसते आणि आतल्या रबरी ओ-रिंग (गोल कड्या) गळती थोपवतात. हा जोड उत्तम आहे, पण त्याच्या काही अटी आहेत. तो सोडवण्याआधी आजूबाजूची धूळ हवेच्या झोताने उडवावी लागते, कारण वाळूचा एक कण ओ-रिंगवर बसला तरी ती धरत नाही. दाब उतरवावा लागतो. त्यासाठी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करायचे, ते आपोआप बंद पडू द्यायचे, वर एकदा सेल्फ मारायचा आणि बॅटरीची ऋण वायर काढून ठेवायची. मग पाइप आधी थोडा आत दाबायचा, दोन्ही बाजूंचे कान दाबायचे आणि सरळ बाहेर ओढायचा. पक्कड लावून पिळला की लॉकचा कान मोडतो. वर्षानुवर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेले प्लॅस्टिक कडक झालेले असते, त्यामुळे अनेकदा नीट सोडवूनही ते मोडते. खरी अडचण इथून सुरू होते.

लॉक मोडल्यावर मेकॅनिकने काय करावे? ते लॉक सुटे मिळत नाही. ओ-रिंग सुटी मिळत नाही. बऱ्याच गाड्यांसाठी कंपनीच्या यादीत फक्त अख्खा पाइप असतो, तो काही हजारांचा, आणि मागवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी येणारा. गाडी अर्धवट उघडून पडलेली, मालकाला दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचे असते, आणि फिल्टर बदलण्याची मजुरी जेमतेम. अशा वेळी तो केबल टाय शोधतो. हार्डवेअरच्या दुकानातून ओ-रिंग आणतो, जी पाण्यासाठी किंवा साध्या तेलासाठी असते आणि पेट्रोलमध्ये फुगते. किंवा तो सर्वांत वाईट उपाय करतो. कंपनीचा कडक नायलॉनचा पाइप कनेक्टरच्या मागे कापतो, त्यावर रबरी पाइपचा तुकडा चढवतो आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या क्लिपा आवळतो. नायलॉनचा पाइप बाहेरून गुळगुळीत असतो आणि त्याला उंचवटा नसतो. क्लिप जास्त आवळली तर तो आत चेपतो, कमी आवळली तर रबर हळूहळू सरकत बाहेर येते. पाथर्डी फाट्यावरचे खड्डे आणि कॉलनी-कॉलनीतले गतिरोधक हे सरकण्याचे काम लवकर करतात. ज्या कनेक्टरबद्दल मी बोलतो आहे त्याची मापे कंपनीगणिक मनमानी नाहीत. त्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचे जे २०४४ हे मानक आहे आणि ७.८९ व ९.४९ मिलिमीटर ही मापे असंख्य गाड्यांत वापरली जातात. म्हणून कनेक्टर, लॉक आणि ओ-रिंग यांचा छोटा संच काही थोड्या रुपयांत विकणे अवघड नाही. तो विकला जात नाही, कारण अख्खा पाइप विकणे अधिक फायद्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रबरी पाइपच्या बाबतीतही असेच आहे. दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हटले की जो काळा पाइप मीटरवर कापून मिळतो, तो पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या दाबासाठीचा असतो. चांगल्या पाइपवर त्याची जात छापलेली असते. एसएई ३०आर७ असे लिहिले असेल तर तो कमी दाबाचा, सुमारे ३.५ बारपर्यंतचा पाइप आहे, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत तो पहिल्या दिवसापासून आपल्या मर्यादेवर उभा असतो. ३०आर९ लिहिले असेल तर तो सुमारे ७ बारसाठी बनवलेला आहे आणि त्याच्या आतल्या थराचे रबर फ्लोरोकार्बन जातीचे असते, जे इथेनॉलला दाद देत नाही. ज्या पाइपवर काहीच छापलेले नाही तो घेऊच नये. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या पाइपची जात आणखी वेगळी असते, कारण त्याला बाहेरूनही पेट्रोलचा सामना करावा लागतो. तिथे साधा पाइप घातला तर काही महिन्यांत त्याचे बाहेरचे आवरण मऊ होऊन फाटते, पंप चालू असूनही दाब मिळत नाही आणि मालक बिचारा पंपावर खर्च करतो. क्लिपचेही तसेच. पत्र्याला आट्यांसाठी खाचा पाडलेली क्लिप रबरात रुतून ते कापते. इंजेक्शनच्या पाइपसाठी कडा वळवलेली, गोल आवळणारी क्लिप येते, तीच वापरावी, आणि ती पाइपच्या टोकावर न लावता उंचवट्याच्या लगेच मागे लावावी.

आता इथेनॉल यात काय करते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. ते पाइप एका रात्रीत विरघळवत नाही. जुन्या नायट्राइल जातीच्या रबरातून नवे मिश्रण आत शिरते, रबर फुगते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहून ते सुकले की आकसते व त्याला भेगा पडतात. याशिवाय इथेनॉल टाकीच्या आणि पाइपच्या भिंतीवर वर्षानुवर्षे साचलेला मळ सोडवते व तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. तिसरे, ते पाणी ओढून घेते. ठरावीक मर्यादेपेक्षा पाणी जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, जिथे पंपाचे तोंड असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा चालवल्या जाणाऱ्या गाड्यांना याचा त्रास अधिक. परिणामी गाडी झटके मारते, चढावर पिकअप देत नाही, मेकॅनिक फिल्टर चोंदल्याचे निदान करतो, आणि ते बरोबरही असते. पण प्रत्येक वेळी फिल्टर बदलताना तोच जुना, कडक झालेला जोड सोडवला जातो. जो फिल्टर पूर्वी चार-पाच वर्षांत एकदा निघत होता तो आता लागोपाठ निघू लागला, की जोडाचे आयुष्य झपाट्याने संपते. मंत्रालयाच्या निवेदनात रबरी भागांचा उल्लेख आहे, या साखळीचा नाही.

अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर बाहेर नसतोच. तो टाकीतल्या पंपाबरोबर असतो आणि जोड मागच्या सीटखालच्या झाकणाखाली असतात. अशा गाडीत पेट्रोलचा वास बॉनेटपाशी न येता आत, मागे बसलेल्या मुलांना आधी येतो. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल आणि अर्ध्यावर आली की थांबत असेल, तर बहुधा पंपाच्या तोंडावरची मोठी रबरी सील गेली आहे असे समजावे. ही सील एकदा उघडल्यावर फुगते आणि पुन्हा खाचेत बसत नाही, म्हणून पंप काढला की ती नवी घालणे आवश्यक असते. उंदीर हा आणखी एक विषय. द्राक्षबागांच्या आणि धान्याच्या गोदामांच्या आसपास, पिंपळगाव-दिंडोरीकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेले पाइप मी पाहिले आहेत. कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून गाडी घरापर्यंतसुद्धा आणू नये. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनाही हे लागू आहे. अनेक गाड्यांत सीएनजीवर चालतानाही पेट्रोलच्या पाइपात दाब कायम असतो, त्यामुळे ‘मी पेट्रोल वापरतच नाही’ हा युक्तिवाद जोडाला मान्य नसतो.

डिझेलच्या गाड्यांचे दुखणे निराळे, आणि त्यात आगीपेक्षा मनस्ताप अधिक. बऱ्याच डिझेल गाड्यांत टाकीपासून फिल्टरमार्गे पंपापर्यंत डिझेल ओढून घेतले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे जोड सैल झाला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, पण सकाळी गाडी बराच वेळ सेल्फ मारूनही सुरू होत नाही, आणि एकदा सुरू झाली की दिवसभर बरी चालते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी एअर घेते. यावर बॅटरी बदलली जाते, सेल्फ बदलला जातो, कधी कधी इंजेक्टरही उतरवले जातात. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता लावून बुडबुडे दिसतात का एवढे पाहिले असते तर हा खर्च वाचला असता. दोष बहुधा फिल्टरच्या खालच्या पाणी काढण्याच्या स्क्रूच्या ओ-रिंगमध्ये, फिल्टरच्या प्लॅस्टिकच्या नळीला गेलेल्या केसाएवढ्या भेगेत, किंवा बँजो बोल्टच्या, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल वाहते त्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरमध्ये सापडतो. तो वॉशर एकदा दाबला गेला की त्याचे काम संपते, तरी काही रुपये वाचवण्यासाठी तो उलटा करून पुन्हा वापरला जातो. एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या आजच्या इंजिनात, पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी पाइपात १,००० बारहून अधिक दाब असतो. इंजिन चालू असताना ‘हवा काढायची’ म्हणून त्या पाइपचा नट सैल करण्याची जुन्या पंपाच्या काळातली सवय आता जीवघेणी आहे, कारण ती धार कातडीतून आत शिरते. हवा काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपाने, आणि तीही इंजिन बंद असताना.

गाडीमालकाने काय करावे, याचे उत्तर साधे आहे. गाडी सर्व्हिसिंगहून परत घेताना चकचकीत धुतलेली बॉडी पाहण्याऐवजी फिल्टरचा जोड पाहण्याचा आग्रह धरावा. इंजिन सुरू न करता किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करायला सांगावी. प्रत्येक वेळी पंप दोन-तीन सेकंद चालून पाइपात दाब भरतो. त्या वेळी एलईडी टॉर्चने जोडाभोवती ओल दिसते का ते पाहावे. जुन्या काचेच्या बल्बचा हँडलॅम्प तिथे नेऊ नये, काडी तर अर्थातच नाही. जोड बोटांनी धरून मागे ओढून पाहावा. नीट बसलेला कनेक्टर ‘टक’ असा आवाज करून बसतो आणि ओढल्याने हलत नाही. फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. मग इंजिन दहा मिनिटे चालवून, गरम झाल्यावर पुन्हा एकदा पाहावे, कारण काही जोड थंड असताना धरतात आणि तापले की सोडतात. जुना फिल्टर, जुने वॉशर, जुनी ओ-रिंग परत मागावी आणि जॉब कार्डवर काय बदलले ते लिहून घ्यावे. तक्रार पुढे जिल्हा ग्राहक आयोगात न्यायची वेळ आली किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगायची झाली, तर तोंडी आश्वासनाला काही किंमत नसते. आणि पेट्रोलचा वास आला तर ‘उद्या दाखवू’ म्हणून गाडी बंदिस्त पार्किंगमध्ये उभी करू नये. उघड्यावर, इमारतीपासून दूर उभी करून मेकॅनिकलाच तिथे बोलवावे. दुर्दैवाने बॉनेटमधून धूर येऊ लागला तर इंजिन बंद करून सर्वांना खाली उतरवावे, १०१ वर कळवावे आणि बॉनेट सताड उघडू नये, कारण आत गेलेली हवा आग भडकवते.

मात्र सगळे मालकावर ढकलून चालणार नाही. ठरावीक मुदतीने आपण पीयूसी काढतो. तिथे पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीचा धूर, एवढेच मोजले जाते. जोडातून गळणाऱ्या पेट्रोलचा हायड्रोकार्बन त्या यंत्राला दिसत नाही, त्यामुळे पेट्रोल गळणारी गाडीसुद्धा स्वच्छतेचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते. खासगी गाडीची प्रत्यक्ष तपासणी पंधरा वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करताना होते. पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने निदान या तपासणीत बॉनेट उघडून आणि गाडीखाली पाहून इंधनाच्या पाइपचे जोड बघावेत, तुकडा जोडलेला पाइप किंवा तारेने बांधलेला कनेक्टर आढळल्यास तो बदलून आणायला सांगावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. टॉर्च आणि आरसा पुरतो. सदोष भागांच्या बाबतीत मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११० अ अन्वये सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते, आणि एका मोठ्या कंपनीने २०१४ मध्ये पेट्रोल भरण्याच्या नळीतल्या दोषामुळे लाखाहून अधिक गाड्या स्वतःहून परत बोलावल्या होत्या. पण ही वाट कारखान्यातच राहिलेल्या दोषाची आहे. वयामुळे आणि इंधन बदलल्यामुळे जीर्ण होणारा रबरी भाग तिच्यात बसत नाही, म्हणून त्याची वेगळी सोय हवी.

ती सोय कशी असावी याबद्दल माझी सूचना अशी आहे. ज्या कंपन्यांच्या २०२३ पूर्वीच्या गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी २० टक्के इथेनॉलला न टिकणाऱ्या रबरी भागांची यादी मराठीत, भागाच्या क्रमांकासह आणि किमतीसह प्रसिद्ध करावी. ज्या मॉडेलचे सर्व भाग टिकाऊ आहेत त्यांच्याबद्दल तसेही स्पष्ट लिहावे, म्हणजे लोकांची विनाकारण भीती जाईल. फिल्टरच्या खोक्यातच नवे लॉक, ओ-रिंग आणि जिथे लागतात तिथे तांब्याचे वॉशर द्यावेत. तेलाच्या फिल्टरबरोबर रबरी सील येतेच, तर पेट्रोलच्या फिल्टरबरोबर का नाही? सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या कार्यशाळेत शहरातल्या लहान गॅरेजवाल्यांसाठी रविवारी एक दिवसाचा वर्ग ठेवता येईल, ज्यात दाब उतरवणे, कनेक्टर सोडवणे व बसवणे आणि नायलॉनचा पाइप योग्य हत्याराने जोडणे एवढेच शिकवावे. मी स्वतः तिथे विनामोबदला शिकवायला तयार आहे.

सिंहस्थ कुंभमेळा २०२६ ते २०२८ या काळात आहे. कसारा घाट चढून येणाऱ्या जुन्या टॅक्सी आणि खासगी गाड्या, भर पावसात वाहनतळांवर दाटीने उभी केलेली वाहने, आणि त्यांच्यातून वाट काढणारे भाविक, हे चित्र डोळ्यांसमोर आणले तर वरची तपासणी त्याआधी सुरू होणे का आवश्यक आहे हे प्रशासनाला वेगळे सांगायला नको. परिवहन विभागाने किमान भाड्याने चालणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करावी.

आपल्या दैनिकाने नाशिकमधील वाहन वितरकांना एकच प्रश्न लेखी विचारावा, अशी विनंती आहे: पेट्रोलच्या पाइपच्या कनेक्टरचे लॉक आणि ओ-रिंग तुमच्याकडे सुटे मिळते का, मिळत असेल तर कोणत्या मॉडेलचे आणि काय किमतीला? आलेली उत्तरे, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची यादी, आपण प्रसिद्ध केल्यास मंत्रालयाच्या निवेदनातील ‘स्वस्त’ आणि ‘सहज’ काम नाशिकमध्ये कोणाकडे करून मिळते ते वाचकांना कळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहन-देखभाल पर्यवेक्षक,
सिडको, नाशिक